साडूंचे तीन सेकंद

डहाणूपासून विरारपर्यंतच्या पट्ट्यात एका खुर्चीवर सलग तीन मिनिटं बसू न शकलेला निवृत्त माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. म्हणजे माझे साडू. बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पाळ्या सांभाळल्या. काम यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवून बसायचं होतं, त्यातलं बसायचं तेवढं सोडून त्यांनी सगळं केलं. आता ते जेवतातसुद्धा फिरत. ताट हातात, आमटीची वाटी खिडकीत, भाकरीचा अर्धा तुकडा टीव्हीवर. आमच्याकडे पालघरला आले की स्कूटर बंद न करताच चौकशी करतात. मी चहा फाटकापाशी नेऊन देतो. तो पिऊन होईपर्यंत ते निघालेले असतात, त्यामुळे आमच्या सहा कपांपैकी चार सध्या बोईसरला आहेत.

हा माणूस लेकीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आला. आम्हाला वाटलं होतं चॉकलेटं आणतील. त्यांनी आणला पपईच्या आकाराचा एक चेंडू आणि त्याबरोबर एक सिद्धान्त. सिद्धान्त त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर चिकू मांडून समजावला. तिकडचा फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात. एका बाजूला अकरा जण. त्यातल्या एकाच्या हातात डाव सुरू होताच चेंडू येतो, तो कुणाला द्यायचा की लांब फेकायचा हे तोच ठरवतो, आणि समोरचे धिप्पाड गडी त्याला आडवा करायला धावून येतात. तो क्वार्टरबॅक. संघ जिंकला की त्याची मिरवणूक, हरला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्याचा गुडघा दुखला तर अख्ख्या गावाला ताप येतो.

"आणि बाकीचे दहा?" मी विचारलं.

"पाच जण भिंत करून पुढं उभे राहतात. त्याला वेळ मिळवून देतात. किती? तीन सेकंद. तेवढ्यात ज्याला बघता आलं तो राजा. बाकीचे नुसते चिकू."

मी मान डोलावली आणि खाली पाहिलं. साडू चिकूंकडेच बघत होते. ऐकता ऐकता मी मधला, सगळ्यात पिकलेला चिकू सोलून खाल्ला होता.

"संपली मॅच," साडू म्हणाले आणि गॅलरीत गेले.

त्यानंतर जगातल्या प्रत्येक घडामोडीत क्वार्टरबॅक कोण हे शोधायचा त्यांनी नाद घेतला. पुतण्याच्या लग्नात त्यांनी जाहीर केलं की नवरामुलगा, भटजी, बँडवाले हे सगळे चिकू, खरा माणूस आचारी. आचाऱ्याला कुणी त्रास देऊ नये म्हणून त्यांनी चार धट्टेकट्टे भाचे त्याच्याभोवती उभे केले. तासाभरानं त्या कड्यातून आचाऱ्याचे जोडलेले हात दिसले. "काका, मना टोपापर्यंत तरी जाऊ द्या. भात लागलाय खाली." बोईसरच्या नाक्यावर टेम्पोवाल्याला वाट करून देण्यासाठी ते स्वतः हात पसरून रस्त्यात उभे राहिले. टेम्पोवाला दोन मिनिटं थांबला, मग म्हणाला, "चाचा, अब आप हटो तो मैं निकलूँ."

आम्ही हसायचो. मी जरा कमी हसायचो, कारण हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं आणि त्याच्या मुळाशी माझी जीभ होती.

झालं असं होतं. लेकीनं तिकडे एक अमेरिकन मुलगा पसंत केला आणि फोन केला तो मला. "काका, बाबांना तुम्हीच सांगा. पण एकटे असताना. शांत असताना." शांत असलेले साडू मी तीन आठवडे शोधत होतो. मग पाम गावी एका नात्यातल्या साखरपुड्यात कुणीतरी त्यांना विचारलं, मुलीचं कुठं बघताय का? आणि साडू काही बोलायच्या आत, तोंडात जिलबी असताना, भर मांडवात मीच म्हणालो, "बघताय कसलं, ठरलं की. गोरा आहे, सव्वासहा फूट."

साडूंनी हातातलं ताट हळूच खाली ठेवलं आणि ते खुर्चीवर बसले. पंगत उठेपर्यंत बसून राहिले. त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी उरलेली जिलबी ताटाखाली सरकवली.

दोन वर्षं ते जावयाशी बोलले नाहीत. शेवटी ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, ओढून अमेरिकेला नेलं. तिथं दर रविवारी जावई टीव्हीपुढं बसलेला, साडू मागं येरझाऱ्या घालणारे. चौथ्या रविवारी न राहवून त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. हा कोण, ज्याच्यामागं सगळे लागलेत? जावयानं पेन्सिल घेतली आणि कागदावर अकरा गोळे काढले. एवढंच बोलणं दोघांत सुरू झालं आणि तेवढंच राहिलं. इकडे परतल्यावरही साडू सोमवारी पहाटे उठून मॅच लावायचे, नंतर फोनवर "त्यानं चेंडू उशिरा सोडला" एवढं सांगायचे आणि फोन ताईंच्या हातात द्यायचे. लेक मला म्हणाली, "काका, बाबा त्याला अजून नावानं हाक मारत नाहीत. नुसतं 'त्याला दे' म्हणतात."

मी एकदा साडूंची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमच्या हातात चेंडू दिला होता तिनं. तुम्ही बघितलंच नाही. घाबरून फेकलात." 

गेल्या नाताळात जावई पहिल्यांदा बोईसरला आला. प्रत्येक दारात वाकायचा. क्वार्टरबॅकविषयी होतं ते बोलणं दहा मिनिटांत संपलं आणि खोलीत फक्त साडूंच्या चपलांचा आवाज उरला. माझी जीभ पुन्हा वळवळली. मी जावयाला विचारलं, तू स्वतः खेळलायस का? कॉलेजात चार वर्षं, तो म्हणाला. साडू जागच्या जागी थांबले. "क्वार्टरबॅक?"

जावयानं हसून मान हलवली. तो पुढच्या भिंतीतला. चार वर्षांत चेंडूला हात लावायची वेळ एकदाही आली नाही.

"अच्छा," साडू म्हणाले. डॉक्टर म्हणून सांगितलेला मुलगा कंपाउंडर निघावा तसं ते अच्छा होतं. लेक उठून स्वयंपाकघरात गेली. माझी ही दुसरी जिलबी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर साडूंनी आधीच ठरवलेली मॅच झाली. साडूंनी पाहुण्याचा मान म्हणून चेंडू जावयापुढं धरला. जावयानं तो परत त्यांच्या हातात दिला. लेक म्हणाली, "तो म्हणतोय, बाबांनी फेकायचं. तो पुढं उभा राहील." त्या दोघांविरुद्ध मी, दोन भाचे आणि जाळं विणायचं सोडून आलेले दोन कोळी. त्यातला एक चेंडू निरखून म्हणाला, "ही तं पपय हाय." मग जावयाकडे बघून म्हणाला, "आनि ह्यो असा उबा रायला तं आमी जायाचं कुठून?"

डाव सुरू झाला. आम्ही धावलो. जावई गुडघ्यात वाकला आणि हात पसरून उभा राहिला. मी थेट त्याच्या पोटावर आपटलो आणि ओल्या वाळूत बसलो. एक भाचा डावीकडून गेला, तिथंही जावईच होता. कोळी दोन पावलं आले आणि हसत खाली बसले. मी वाळूतून मोजत होतो. तीन झाले. पाच झाले. नऊ झाले.

"बाबा, फेका ना," लेक म्हणाली.

साडू फेकेनात. चेंडू खांद्यावर धरून ते एका जागी उभे होते. समोरच्या रुंद पाठीकडे बघत होते. कुणी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि त्यांनाही कुठं जायचं नव्हतं. मग ते चार पावलं चालत पुढं गेले, जावयाला त्याच्या नावानं हाक मारली आणि चेंडू त्याच्या हातात ठेवला. "घे," म्हणाले. जावयानं तो तान्हं मूल धरावं तसा धरला, त्याला पुढं काय करायचं ते सुचेना. लेक समुद्राकडे तोंड करून उभी होती. मी तोंड उघडणार होतो. नाही उघडलं.

तीन आठवड्यांनी ती दोघं परत गेली. आता एखाद्या सोमवारी सकाळी मी कप आणायला म्हणून बोईसरला जातो. मॅच चालू असते. "चेंडूकडे बघू नका," साडू मला सांगतात, "डावीकडचा बघा, तो वाकलेला." संपल्यावर फोन हातात घेतात, घड्याळ बघतात आणि ठेवून देतात. तिकडे रात्र झालेली असते. "झोपू दे," म्हणतात, "थकला असेल." आणि पुन्हा येरझाऱ्या घालायला लागतात.

जावई बसायचा त्या खुर्चीवर आता चेंडू असतो. त्याच्या शिवणीत चिंचणीची वाळू अडकलेली आहे. ताई फडकं घेऊन तिकडे निघाल्या की साडू येरझाऱ्या थांबवतात, गुडघ्यात थोडे वाकतात आणि हात पसरून खुर्चीपुढं उभे राहतात. मी मोजलंय, तीन सेकंदांहून पुष्कळ जास्त वेळ.