सत्त्याऐंशी नंबरचा तुकडा

पोलंडमधल्या तोरून शहरातल्या कागदी मॉडेल मंडळात दर गुरुवारी दुपारी चारला दहा-बारा माणसं जमत. प्रत्येकाचं पातं, डिंकाची बाटली आणि रंगाची डबी ठरलेली होती. छापील पुस्तिकेतले तुकडे नंबराप्रमाणे कापायचे, कापलेल्या पांढऱ्या कडा रंगवायच्या, मग दुमडून चिकटवायचे. कोणी विमान बांधी, कोणी दीपगृह. आणि प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ‘यादविगा’ बांधलेली होती.

‘यादविगा’ म्हणजे विस्तुला नदीवर पूर्वी चालणारी, दोन्ही बाजूंना चाकं असलेली आगबोट. तिचे आराखडे लुदोमिर बानाश यांनी एक्क्याऐंशी साली काढले होते. बानाश आता एकाहत्तर वर्षांचे होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आराखडे काढता काढता ते निवृत्त झाले, पण मंडळात त्यांना मान होता तो या बोटीमुळे. सोळा पानं, चारशे बारा तुकडे. त्यातला एकच तुकडा बसत नसे, सत्त्याऐंशी नंबरचा. बोटीच्या मागच्या गोलाईवर बसणारी ही लांब पट्टी शहाऐंशीला भिडायच्या आधीच दोन मिलिमीटरवर संपे. त्या फटीत कागदाची चिंधोटी लावून ती रंगवणं हा मंडळात एक संस्कारच झाला होता.

दोष छापखान्याचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कागद दमट असताना छापला आणि सुकल्यावर आकसला. पट्टी पानभर लांब, म्हणून तिच्यात ते दिसलं. त्या यंत्रावर तेव्हा विक्तोर कुलेशा होते. निवृत्तीनंतर तेही मंडळात येऊ लागले, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही थट्टेतून त्यांची सुटका नव्हती.

“कुलेशा, चहाचा ग्लास जरा लांब ठेवा,” मंडळाच्या चिटणीस इरमिनाबाई म्हणत. “वाफेनं बोट आकसायची.”

“आकसू दे की. मग तुमच्या कपाटात मावेल,” कुलेशा म्हणत आणि लिंबाची फोड ग्लासात दाबत.

बानाशही हसत. पण खरी गोष्ट त्यांना एकट्यालाच माहीत होती.

रीत अशी की आराखडा छापायला देण्याआधी त्याच्यावरून कोऱ्या कागदाचा पांढरा नमुना बांधायचा. रंग नाही, काही नाही, फक्त तुकडे जुळतात की नाही ते बघायचं. बानाशांनी पुढचा भाग बांधला, मधला बांधला, चाकं बांधली. मागचा राहिला. तिमाहीचा कागद सरकारी वाटपातून मिळे. तीस तारखेला आराखडे गेले नाहीत तर तो दुसऱ्याच पुस्तिकेला जाणार होता. एकोणतीसला त्यांनी मागची गोलाई नुसती हिशोबाने काढली. पुढे वाचकांची पत्रं आली तेव्हा संपादकाने विचारलं, आणि ते म्हणाले, “माझ्याकडे बरोबर आहे. कागदाचं काहीतरी झालं असेल.” वाक्य एवढंच. ते अडतीस वर्षं चाललं.

मार्चमध्ये वूज शहरातल्या एका प्रकाशकाचा फोन आला. ‘यादविगा’ पुन्हा काढायची होती. मार्सेल नावाचा तो तरुण फार अदबीने बोलत होता.

“प्रस्तावनेत चार ओळी द्याल ना? ‘मूळ आवृत्तीतली छपाईची चूक दुरुस्त केली आहे’ एवढं आलं की झालं. लोक त्या सत्त्याऐंशीचंच विचारतात.”

“कळवतो,” बानाश म्हणाले.

त्या गुरुवारी त्यांनी बातमी सांगितली. टाळ्या झाल्या, इरमिनाबाईंनी खसखशीचा केक कापला. चुकीबद्दलची ओळही बानाशांनी सांगितली. का सांगितली ते त्यांनाही कळलं नाही. कुलेशांनी चाकू पुसून ठेवला.

“लिही की. खरंच आहे ते. फक्त माझं नाव नको घालूस. नात वाचते असलं काही.”

“नाव कशाला घालतील?”

“तसं नव्हे. त्या तक्रारीनंतर मला रंगीत यंत्रावरून काढलं ना. मग जॅमच्या बाटल्यांची लेबलं, निवृत्त होईपर्यंत.” ते हसले. “पण सांगतो, लेबलांचा कागदही मी छापायच्या आधी दोन-दोन दिवस खोलीच्या हवेत मुरवायचो. फोरमन म्हणायचा, अरे, मनुक्यांचा जॅम आहे, नकाशा नाही. म्हटलं, असू दे. एकदा आकसला तेवढं पुरे.”

लेबलांचं बानाशांना माहीत नव्हतं. त्यांनी केक संपवला आणि लवकर उठले.

घरी त्यांनी जुना आराखडा काढला आणि कोऱ्या कागदावर मागचा भाग उतरवू लागले. बायको रेगिना दारात येऊन उभी राहिली.

“लुदेक, हे काय नवीन?”

“नवीन नाही. राहिलेलं आहे.”

तीन दिवसांत पांढरी पिछाडी तयार झाली. सत्त्याऐंशी दोन मिलिमीटर कमी पडला. छापखान्याचा कागद नव्हता, शाई नव्हती, दमट हवा नव्हती. आराखडाच कमी होता. रेगिनाने फटीत नख घालून पाहिलं.

“हे कुलेशांना दाखवणार?”

“हो.”

“अडतीस वर्षांनी.”

“हो.”

“मग सगळ्यांसमोर दाखव. थट्टा सगळ्यांसमोर झालीय,” ती म्हणाली आणि बटाटे सोलायला गेली.

पुढच्या गुरुवारी बानाशांनी ती पिछाडी कुलेशांच्या पुढ्यात ठेवली. इरमिनाबाई काहीतरी वाचून दाखवत होत्या, त्या थांबल्या.

“हा पांढरा नमुना. तेव्हाच बांधायला हवा होता, तो मी बांधला नव्हता. कागद बरोबर होता, कुलेशा. चूक माझी होती.”

कुलेशांनी चष्मा बदलला. खिशातून पोलादी पट्टी काढून फट मोजली, मग परत मोजली.

“म्हणजे त्या दिवशी कागद दमट नव्हता.”

“नव्हता.”

“मी तर हवामान खात्यातून त्या दिवसाच्या दमटपणाचा आकडासुद्धा आणला होता. बासष्ट टक्के. मला तेव्हाच वाटलं होतं, बासष्टला एवढा कसा आकसेल?” ते कोणाकडेही न बघता बोलत होते. “फोरमनला दाखवला, तर म्हणाला, आराखडा काढणारा बरोबर म्हणतोय.”

कुलेशांनी पट्टी खिशात घातली, डोक्यावर टोपी चढवली आणि निघाले. पुढचे कित्येक गुरुवार ते आले नाहीत. त्यांची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती, तिथे कोणी बसलं नाही.

बानाशांनी प्रस्तावनेच्या ओळी पाठवल्या. मार्सेलचा फोन आला.

“इतकं कडक कशाला? कोणी विचारणार नाही हो.”

“जसं आहे तसं छापा. नाहीतर बोट नको.”

जूनमध्ये पुस्तिका आली. बानाशांनी ती मंडळात नेली. त्या दिवशी कुलेशा आपल्या खुर्चीत बसलेले होते. त्यांनी पुस्तिकेसाठी हात पुढे केला. पहिल्याच पानावर होतं: ‘मूळ आवृत्तीत तुकडा ८७ दोन मिलिमीटर कमी होता. ती चूक आराखडा काढणाऱ्याची होती, छपाईची नव्हती. छपाई विक्तोर कुलेशा यांची होती आणि ती निर्दोष होती. लु. बानाश.’

“नाव घालू नको म्हटलं होतं.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

कुलेशांनी ते दोनदा वाचलं. मग मागचं पान उघडलं, भिंग काढलं आणि सत्त्याऐंशीवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

“लाल रंग रेषेबाहेर गेलाय. अर्ध्या केसाएवढा.” त्यांनी पुस्तिका बानाशांकडे सरकवली. “हे मात्र छापखान्याचं.”

“बघू.” बानाशांनी भिंग घेतलं. खरंच गेला होता.

“बस,” कुलेशा म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली टोपी उचलली.