मेलो मी, अ‍ॅडमिट पप्पा

आता काय सांगू तुम्हाला, जे सांगतोय ते शंभर टक्के खरं आहे, पप्पांची शपथ. म्हणजे ऐंशी टक्के धरा. शपथ पप्पांची आहे आणि त्यांची तब्येत सध्या नाजूक, उगाच रिस्क नको.

मी चाकणला एका कंपनीत असेंब्लीला आहे. त्या शनिवारी आमच्याकडे हार्ट अटॅकचं ट्रेनिंग होतं. लक्षणं कशी ओळखायची, पेशंटला कसं सांभाळायचं वगैरे. पेशंटचा रोल अर्थातच मला. खोटं आजारी पडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे सुपरवायझरला माझ्या हजेरीवरून माहीत होतं. मी छाती धरली, 'आईला सांगा' म्हणालो आणि धाडकन सिमेंटवर पडलो. एवढा छान मेलो की मागच्यांना दिसलं नाही म्हणून परत मरायला लावलं.

रविवारी सकाळी दापोडीला घरी उठलो तर डावा हात वर जाईना. खांद्यापासून कोपरापर्यंत ठणका. उशाशी ट्रेनिंगचा कागद होता. पहिलंच लक्षण, डाव्या हातात कळ. राव, मला घाम फुटला. आणि दुसरं लक्षण काय? घाम.

आई मावशीकडे गेलेली. घरात पप्पा. पिंपरीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस. ओट्यापाशी उभं राहून सोडा पीत होते.

"पप्पा, मला अटॅक येतोय."

"येऊ दे. मागच्या महिन्यात साप चावला होता ना?"

"तेव्हा लग्नाला जायचं नव्हतं. आज खरंच. डावा हात दुखतोय."

"डावा होय? माझा पण दुखतोय."

"पप्पा, आता तुमचं नका काढू."

मी पुढे वाचलं. "जबडा जड होतो." हलवून बघितला. जडच होता.

"ते तर मला पण..."

"पप्पा, प्लीज. छातीत जळजळ, गॅस झाल्यासारखं वाटतं."

"मग सोडा घे. मी आठ दिवस तेच करतोय."

"इथे माझा जीव चाललाय आणि तुम्ही सोडा काय पाजताय?"

माझा आवाज फाटला. तेव्हा कुठे त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि गुपचूप चपला घातल्या.

आमची स्कूटर किकवर चालू होते. पप्पांनी सहा किका मारल्या. मी सावलीत बसून होतो. पेशंटने श्रम करायचे नाहीत, असं कागदावर स्पष्ट लिहिलं होतं.

हॉस्पिटलमध्ये ईसीजी पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. वॉचमनने व्हीलचेअर दिली, रॅम्प दाखवला. मी बसलो. पप्पांनी ढकललं. अर्ध्या चढावर गाडी थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. जरा दम घेतो."

"पप्पा, माझ्याकडे वेळ नाहीये."

ते परत ढकलायला लागले. हे वाक्य मी आजपर्यंत आईला सांगितलेलं नाही.

माझा ईसीजी निघाला. डॉक्टर म्हणाले, "एकदम नॉर्मल. कुठे पडला होतात का?"

"हो. दोनदा."

"खांद्यावर?"

"दोन्ही वेळा."

त्यांनी मलम लिहून दिलं. बाहेर आलो तर पप्पा बाकावर. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा राखेसारखा, हात छातीवर. मला वाटलं, पोराची जिरवतायत.

"भारी जमतंय, पप्पा. मान अजून थोडी टाका."

त्यांनी टाकली.

तेवढ्यात सिस्टर आली. तिने त्यांचं मनगट धरलं, डॉक्टरांना हाक मारली आणि मी ज्या व्हीलचेअरवर बसून आलो तिच्यावरच त्यांना घालून पळाली. मी कागद हातात घेऊन उभा. हात, घाम, जबडा, जळजळ, धाप. एक पण सुटलं नव्हतं.

दोन तास दारापाशी काढले. खोटं मरायला मला दोनदा जमलं होतं. आत आपलं माणूस खरंच जात असेल तर बाहेर कसं उभं राहायचं, ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं. सारखं वाटत होतं, कुणीतरी येऊन म्हणावं, मस्करी होती.

एक नळी बंद होती, स्टेंट टाकली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी आत सोडलं.

"आठ दिवस त्रास होता, तर बोलला का नाहीत?"

"लाइन चालू होती. जरा आवाज आला म्हणून कोण लाइन थांबवतं? शिफ्ट संपेपर्यंत ओढायची असते."

"निदान मला तरी सांगायचं."

"तीनदा सांगितलं की."

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती.

आता पप्पा येईल त्या पाहुण्याला सांगतात, पोराने वेळेत नेलं. कंपनीला पण कळलं. नोटीस बोर्डवर माझा फोटो लागलाय, खाली लिहिलंय, 'लक्षणे अचूक ओळखणारा कर्मचारी'. आणि त्यात खोटं काहीच नाही. लक्षणं अचूकच ओळखली होती. माणूस तेवढा चुकला.

हसताय ना? मग चहाचे तुम्ही द्या, क्रीमरोलचे पण. माझं पाकीट पप्पांकडे असतं, आणि डॉक्टरांनी त्यांना वजन उचलायला मनाई केलीय, म्हणून मी त्यात काही ठेवत नाही.