स्वतःलाच वाचणारा प्रोग्राम आणि पूर्णगडची बाय

इथले अनुभव बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. आधीच सांगते, भूतखेत, दृष्ट, कौल यातलं मी काही मानत नव्हते. खरं तर मानायला वेळच नव्हता. दिवसभर क्लास, घरी आजारी वडील... अंगात त्राण उरलं तर माणूस घाबरणार ना!

गोष्ट २००१ सालची. रत्नागिरीत मारुती मंदिरजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथे 'सी' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचे. घरी मी आणि अण्णा, दोघंच. आई आधीच गेलेली, भाऊ विनय ठाण्याला. अण्णांना पक्षाघात झाल्यापासून उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. फक्त "ब... ब..." एवढंच यायचं. बस, बशी, बाहेर... मी सगळं विचारून बघायचे. ते मान हलवून नाही म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

फाइल हँडलिंग शिकवताना मुलांना झोप यायची, म्हणून मी एक गमतीचा प्रोग्राम लिहिला होता. तो स्वतःचीच सोर्स फाइल, म्हणजे ज्यात तो लिहिलाय ती फाइल, उघडायचा, त्यातले शब्द वाचायचा आणि तेच उलटसुलट करून रँडम वाक्यं जुळवायचा. मजा यावी म्हणून मी त्यात रोमन लिपीत मराठी कॉमेंट्स, म्हणजे मधेमधे टिपा, टाकल्या होत्या - 'हा लूप कधी संपत नाही', 'मी दमले आहे', असल्या. मग स्क्रीनवर यायचं, 'मी लूप आहे', 'हा कधी दमले नाही'. मुलं हसायची. मुद्दा एवढाच, की जो शब्द फाइलमध्ये नाही तो बाहेर येणं शक्यच नव्हतं.

एका दुपारी सावंतबाईंच्या मशीनवर तो चालवून दाखवत होते. या बाई सरकारी ऑफिसात क्लार्क, रिटायरमेंटला आलेल्या, सक्तीचा कोर्स म्हणून यायच्या. त्या एकदम म्हणाल्या, "मॅडम, यात पूर्णगड कुठून आलं?"

मी वाकून पाहिलं. नेहमीच्या गिचमिडीत मधेच एक ओळ होती -

bay purnagadla ahe mala ne

"बाय म्हणजे टाटा का?" बाईंनी विचारलं.

मी फाइल उघडून सर्च दिला. पूर्णगड नाही. बाय नाही. ने नाही. वाटलं, पॉइंटर कुठेतरी चुकला, मशीनच्या मेमरीत आधीचं पडलेलं काहीतरी उचललं असेल. सगळ्यांना विचारलं, पूर्णगड कुणी कधी टाइप केलंय का? कुणीच नाही. पुन्हा रन केला... पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा मात्र नेहमीचंच आलं. एवढ्यात लाइट गेले.

संध्याकाळी अण्णांना पेज भरवताना सहज, खरंच सहज विचारलं, "अण्णा, पूर्णगडला कोण आहे हो आपलं?"

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की चमचा पडला.

"बाय?" मी म्हटलं.

त्यांची मान हलायला लागली ती थांबेचना. हो, हो, हो. डोळ्यांतून पाणी.

विनयला फोन केला. तो म्हणाला, "कसली बाय? बहीण म्हणशील तर अण्णांना नव्हतीच. तू झोप काढ जरा."

रविवारी भाड्याची गाडी करून अण्णांना घेऊन निघाले. पावसच्या पुढे रस्ता खाडीकडे उतरतो तिथपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते. गावात शिरल्यावर कुणाला काय विचारणार? एक बाई अंगणात सुकी मासळी उलटवत होती. म्हटलं, "इथे बाय म्हणून कुणी राहतात का?"

"हितं सगळ्याच बाया," ती हसली. मग गाडीत डोकावली. "अगो, ह्ये तर आमच्या सासूवाणीच दिसतात!"

आतून एक म्हातारी भिंतीला धरत बाहेर आली. अण्णांचंच नाक, अण्णांचंच कपाळ. ती गाडीच्या दारापाशी येऊन उभी राहिली.

"दादा, किती उशीर केलास रे," एवढंच म्हणाली.

आणि अण्णा स्पष्ट, अगदी स्पष्ट म्हणाले, "बाय."

ही माझी आत्या. मासेमारी करणाऱ्या खारव्याच्या मुलाशी लग्न केलं म्हणून आजोबांनी तिचं नाव घरातून पुसलं होतं. "दोन पत्रं घातली होती," ती म्हणाली, "उत्तर नाही आलं. मग म्हटलं, राहू दे." दुपारभर ती अण्णांचा तो निकामी हात मांडीवर घेऊन बसली. आपल्या हाताने त्यांना भात भरवला. मी पडवीत आडवी झाले आणि कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.

अण्णा त्यानंतर थोडेच दिवस जगले. पुन्हा बोलले नाहीत, पण भिंतीकडे तोंड करणंही थांबलं होतं.

दिवसकार्याला आत्या आली, काही दिवस माझ्याकडेच राहिली. तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, "ते यंत्र बघायचंय मला." क्लासमध्ये नेऊन खुर्चीवर बसवलं.

"त्याला विचार," ती हळूच म्हणाली, "दादाचं आणखी काही सांगायचं राहिलंय का."

मी प्रोग्राम चालवला. तेच आपले ठरावीक शब्द, उलटसुलट. रोमन अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तरी शेवटची ओळ थांबेपर्यंत ती बघत राहिली.

"काय म्हणतंय?"

"काही नाही, आत्या."

"बरं," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल मग. चहा घेऊ कुठेतरी."

विनय म्हणतो, अण्णा कधीतरी बोलले असतील, माझ्या मनात राहिलं असेल, नकळत टाइप झालं असेल. झालं असेल बाबा. पण मग ते फाइलमध्ये का नव्हतं? ते शोधायचा उत्साह आता उरला नाही.