टिंडल

मँचेस्टरमध्ये मी सायंटिस्ट म्हणून काम करत होते; माझ्या ट्राम स्टॉपसमोर मॉडेल्सचे दुकान होते. काचेमागे दुसऱ्या महायुद्धातल्या एका जपानी हेवी क्रूझरची प्रतिकृती असे आणि एक वृद्ध इंग्रज रोज सकाळी त्या काचेवर रागाने काठी ठोकत. एकदा मी कारण विचारले. तिथे अनोळखी बाईलाही सहज 'लव्ह' म्हणतात.

"हिनेच आमचं मालवाहू जहाज बुडवलं, लव्ह. मला टिंडलने पाण्यातून ओढून काढलं. मग जपान्यांनी सगळ्यांना पकडलं. आम्हा काही गोऱ्यांना बंदरात उतरवलं, टिंडलला डेकवरच ठार मारलं. तुझ्याच देशाचा, रत्नागिरीचा. भला माणूस, मिस्टर टिंडल!"

"ते नाव नाही," मी म्हणाले. "टिंडल म्हणजे आमचा तांडेल, खलाशांचा मुकादम. त्यांचं नाव काय होतं?"

काठी थांबली. "आम्ही टिंडलच म्हणायचो."

क्रूझरचे नाव मात्र प्रतिकृतीखाली पितळी पट्टीवर कोरलेले होते. मारणाऱ्या जहाजाचे नाव सर्वांनी जपले. वाचवणाऱ्या माणसाचे नाव, ज्याचा जीव वाचला त्यानेही कधी विचारले नाही.

ट्राम आली. "तुझं नाव काय, लव्ह?"

"सायंटिस्ट," मी म्हणाले आणि ट्राममध्ये चढले.