अंगठा पोचेना

काजूच्या पिकलेल्या बोंडूंचा वास आला की माझा उजवा अंगठा आपोआप ताणला जातो. नवा मोठा फोन घेतला त्याच आठवड्यात, डिचोलीजवळच्या आमच्या काजूबागेतून मी तिन्हीसांजेला परतत होते. कमरेवर बोंडूंनी भरलेली टोपली होती आणि मागून सासूबाई येत होत्या. इतक्यात पायांजवळच्या पाल्यात घोणस फुत्कारली. "हालू नको गो, उजवाड कर," त्या हळूच म्हणाल्या. जुन्या फोनवर अंगठा टॉर्चच्या बटणावर सहज जायचा, इथे तो बोटभर खालीच राहत होता. टोपली ठेवायला वाकायचं धाडस होईना, घामाने फोन निसटू लागला. कसाबसा उजेड पडला तेव्हा घोणस झुडपात शिरत होती आणि माझ्यापुढे सासूबाईंची अनवाणी पावलं होती. त्या संध्याकाळी दोघी सुखरूप घरी पोचलो. आता त्या नाहीत. अंगठा सरावलाय, तरी बागेत टॉर्चचा उजेड पडला की मी आधी ती पावलं शोधते.