औषध गोड लागतंय गं

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अंगात आलेली बाई बघितली की मला हसूच फुटायचं! तरी हे लिहितेय... पोटात ठेवून ठेवून आता ठेववत नाही.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. बेळगावला लागून असलेल्या वडगावात माझी थोरली बहीण, आक्का, पोटातल्या गाठीनं अंथरुणाला खिळलेली. मी निपाणीहून तिच्या सेवेला गेलते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. कळा सोसाव्यात म्हणून फक्त अफूचं मिक्श्चर दिलेलं – कडूजहर. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी. आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, त्या बाटलीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "माझ्या बायकोला मीच पाजणार!" गल्लीभर कौतुक. आणि आक्का दिवसभर गुरासारखी ओरडायची.

"शांते, औषध गोड लागतंय गं..."

"तोंडाची चव गेलीया तिच्या," दाजी हातमागावर बसल्या बसल्याच म्हणायचे. डोळे जड, चेहरा कसा तृप्त!

आक्का तशीच तळमळत गेली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. "पोरांना सांभाळू", "देवीला चोळी वाहू" – सगळं बोलून झालं. दाजी गळा काढून रडत होते. आक्काचं अंथरूण, भांडं टाकून द्यायला आणलं होतं, त्यातली औषधाची बाटली लवंडली... आणि बघता बघता मुंग्या लागल्या. अफूला मुंग्या? मी बोट लावून चाटलं. गुळाचं पाणी! अफू हा मेला स्वतः ढोसत होता आणि खुणेपर्यंत गुळाचं पाणी भरून तिला पाजत होता!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दाजींकडे बघतच मी ओरडले, "आक्का, तुझ्या कळा ह्याला लागू देत! आणि औषध गोड लागू दे!"

त्याच क्षणी कावळा पिंडाला शिवला.

पुढल्या उन्हाळ्यात दाजींच्या पोटात गाठ उठली. मी मुद्दाम सेवेला गेले. डॉक्टर तेच, मिक्श्चर तेच. नवी बाटली मीच उघडली, चाखली – कडूजहर. दाजींनी घोट घेतला आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "शांते, गोड लागतंय गं हे..."

त्यांची कळ काही थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, अफूची सवय असलेल्याला ती लागू पडत नाही. असेल. पण त्यांच्या ओठांना लागलेल्या त्या कडू औषधाला मुंग्या कशा लागल्या, हे मला आजवर कळलेलं नाही. खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं नाही. एकही डोस न चुकवता पाजला मी. मुंग्या पुसल्या आणि म्हटलं,

"तोंडाची चव गेलीया तुमच्या, दाजी."