घरगल्लीचं टपाल

घोडपदेवच्या त्या चाळीत कांताबाईंच्या तळमजल्यावरच्या खोलीची मागची खिडकी एकोणीस वर्षं बंद होती. खिडकीमागे घरगल्ली, म्हणजे दोन चाळींच्या पाठीमधला अरुंद बोळ. वरच्या मजल्यांवरची मंडळी त्यात बिनधास्त कचरा सोडत. जिना उतरून डब्यापर्यंत जायला पाय दुखतात म्हणे. गणपतीच्या रांगेत सात तास उभे राहताना हेच पाय ठणठणीत!

कांताबाईंचे वडील कोंडीराम पालिकेत होते. याच चाळीत राहून त्यांनी जन्मभर अशा गल्ल्या उपसल्या, पण लेकीला झाडूला हात लावू दिला नाही. "माझं आयुष्य ह्यात गेलं, तुझं जायचं नाही. शीक." ती शिकली, टपाल खात्यात लागली, तीस वर्षं पत्त्यांप्रमाणे पत्रं लावून ताठ मानेने रिटायर झाली. आता तिला स्वतःच्या खिडकीतून वारा हवा होता. मागणं एवढंच.

चाळ कमिटीचे अध्यक्ष तात्या तिसऱ्या मजल्यावर राहत. कांताबाईंनी त्यांच्याकडे तीनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा तात्या हसून म्हणाले, "अहो, कोंडीराम असता तर एव्हाना साफ करून टाकली असती. तुमच्या घराला सवय आहेच की."

ते हसणं कांताबाईंच्या जिव्हारी लागलं. रडू आलं नाही, संताप आला. त्यांचा संतापही शिस्तीचा.

दुसऱ्या दिवशी गमबूट आणि रबरी हातमोजे चढवून त्या गल्लीत उतरल्या. मुलगा विकास धावत आला. "आई, काय चाललंय तुझं? आबांनी तुला झाडू धरू दिला नाही, आणि तू..."

"झाडू दिसतोय का हातात? टपाल लावतेय मी."

आणि टपालच होतं ते. हल्ली घरोघर ऑनलाइन पार्सलं येतात. लोक वस्तू काढून घेतात, त्याच पिशवीत भाजीची देठं नि अंड्याची टरफलं कोंबतात, गाठ मारून भिरकावतात. वरचं लेबल फाडायचं कुणाला सुचत नाही. नाव, मजला, खोली नंबर, सगळं ठळक छापलेलं. पुसट पत्ते वाचण्यात उमर गेलेल्या बाईला याहून सोपं काम कुठलं? दुपारपर्यंत मजलेवार सत्तावीस पिशव्या लागल्या.

संध्याकाळी वाटप सुरू झालं. दार वाजवायचं, वही पुढे करायची. "तुमचं पार्सल. सही करा." पहिल्या मजल्यावरच्या दर्शनाने खाली मान घालून सही केली. शेजारचा सुशांत भांडायला उठला, पण आपलंच नाव वाचून त्यानेही पेन घेतलं.

तात्यांच्या दारात अख्खी गॅलरी जमली.

"मी नाही घेणार ही घाण!" तात्या ओरडले.

"माझ्या बापाने तुमची घाण जन्मभर उचलली, तात्या. तेव्हा तिच्यावर नाव नव्हतं. हिच्यावर आहे. सही करा."

"नाही करत!"

"हरकत नाही." टपालात त्याचीही रीत असते. कांताबाईंनी पेन काढून पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घेण्यास नकार'. खाली तारीख घातली आणि पिशवी तात्यांच्या दाराच्या कडीला अडकवली.

दोन दिवस ती तिथेच लटकत होती. येणारा-जाणारा वाचून जाई. तिसऱ्या सकाळी तात्या ती घेऊन तीन मजले उतरले आणि कोपऱ्यावरच्या डब्यापर्यंत चालत गेले. ते परतले तेव्हा कांताबाई आपल्या दारातच उभ्या होत्या.

"पाय दुखले का हो, तात्या?"

उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या, गंजलेली कडी हातोडीने ठोकून खिडकी उघडली, आणि वर तोंड करून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजपासून उघडी राहणार ही. आणि पत्ते सगळ्यांचे पाठ आहेत मला!"